'चालतंय की' म्हणता म्हणता बंद पडतं!

मासेमारीच्या ट्रिपचा पार पचका झाला. दोष इंजिनाचा, असं आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो. पण इंजिनानं तर तीन दिवस आधीच सांगून ठेवलं होतं!

खरं सांगा, तुमच्या बाइकची चेन किती दिवसांपासून खडखड करतेय? मोबाइलची केबल एका ठरावीक कोनात वाकवून धरली तरच चार्जिंग होतं, हे किती महिने चाललंय? घरातला गीझर, गॅसची नळी, स्कूटीचा मागचा ब्रेक... प्रत्येकाच्या घरात एक तरी अशी वस्तू असते, जिच्याबद्दल आपण रोज एकच वाक्य बोलतो. 'चालतंय की!'

हे वाक्य मीही बोललो होतो. म्हसळ्याच्या खाडीत, सकाळी सहा वाजता, होडीत पाय ठेवताना.

म्हसळा माहीत आहे ना? मुंबई-गोवा हायवेवर माणगावला आत वळायचं, मग साई, घोणसे घाट आणि मग म्हसळा. बहुतेक जण तिथं फक्त चहाला थांबतात, कारण त्यांना पुढं श्रीवर्धन, दिवेआगर नाहीतर हरिहरेश्वर गाठायचं असतं. पण म्हसळ्याला स्वतःची खाडी आहे. हीच खाडी पुढं राजपुरीच्या खाडीत जाते आणि तिच्या मुखाशी, अलीकडं दिघी नि पलीकडं राजपुरी असं ठेवून, मधोमध जंजिरा उभा आहे. त्याच्या पुढं फक्त अरबी समुद्र.

आमच्या ग्रुपमधला एक जण तिथला. त्याच्या चुलत्यांची छोटी होडी, मागं आउटबोर्ड इंजिन. बेत साधा होता. जिवंत कोळंबी गळाला लावायची आणि जिताडा पकडायचा. रायगडात जिताड्याचं काय कौतुक आहे ते वेगळं सांगायला नको. पाहुणा मोठा असेल तर ताटात जिताडा येतो. आम्ही तर स्टेटसचं कॅप्शनही आधीच ठरवून ठेवलं होतं.

चुलते त्या दिवशी एका लग्नाला जाणार होते. चावी आणि पेट्रोलची टाकी देताना ते एवढंच म्हणाले, 'मागची धार बारीक झालीय दोन-तीन दिवस. इम्पेलर बदलायचाय. लांब नको जाऊ रे.'

आम्ही मान हलवली. आणि होडी सुरू झाल्यावर कुणीतरी मागं वाकून पाहिलं. धार पडत होती. बारीक, पण पडत होती.

'चालतंय की!'

ही धार म्हणजे काय?

मलाही त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, म्हणून सांगतो. आउटबोर्ड इंजिनाला गाडीसारखा रेडिएटर नसतो. ते खालून खाडीचंच पाणी ओढतं, इंजिनात फिरवतं, गार होतं आणि गरम झालेलं पाणी बाहेर फेकतं. त्यातलीच एक धार मागं पडताना दिसते. पाणी ओढायचं काम करतो इम्पेलर. रबराच्या पाकळ्यांचं एक छोटंसं चक्र. वाळू, चिखल, मीठ यांनी त्या पाकळ्या झिजतात. पाकळ्या झिजल्या की धार बारीक होते. धार बंद झाली की काही मिनिटांतच इंजिन तापून जाम होतं.

म्हणजे ती धार ही इंजिनाची नाडी. होडीवरचा माणूस दर थोड्या वेळानं मागं वळून बघतो, तो हीच नाडी बघत असतो. आणि आम्ही पाच जण पुढं तोंड करून सेल्फी काढत होतो.

त्या दिवशी दशमी होती. कोकणात भरतीचं एक साधं गणित जुनी माणसं तोंडी करतात. तिथीला तीनानं गुणायचं आणि चारानं भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ येते. दहा त्रिक तीस, भागिले चार, साडेसात. सकाळी साडेसातला पाणी पूर्ण भरणार आणि मग सहा तास उतरत राहणार. उतरणारं पाणी कुठं जातं? जंजिऱ्याकडं, म्हणजे समुद्राकडं. हे गणित मला चुलत्यांनी नंतर शिकवलं. आधी शिकलो असतो तर घाबरायला तरी वेळेवर घाबरलो असतो.

सव्वाआठच्या सुमारास इंजिनाचा आवाज बदलला. मग जळका वास. मग शांतता. इंजिन वर उचललं तर पाणी ओढायच्या जाळीला प्लॅस्टिकची पिशवी चिकटलेली. आधीच थकलेला इम्पेलर, त्यात तोंडावर पिशवी. ती पिशवी आमची नव्हती. पण आमच्यासारख्याच कुणाची तरी होती. किनाऱ्यावर मजा करून, हात झटकून निघून गेलेल्या.

पिशवी काढली. दोरी ओढली. पुन्हा ओढली. पाच जणांनी पाळीपाळीनं ओढली. इंजिन ढिम्म!

मग एकेक गोष्ट कळत गेली

पहिली गोष्ट, होडीत वल्हं एकच होतं. एका वल्ह्यावर होडी नेणं ही कला आहे आणि ती आमच्यापैकी कुणाकडंही नव्हती. आम्ही नुसते गोल फिरत राहिलो. दुसरी गोष्ट, नांगर होता, पण दोरी अपुरी. तो तळाला टेकायचा, पण धरायचा नाही. नांगराला पाण्याच्या खोलीच्या कित्येक पट दोरी सोडावी लागते, तेव्हा तो तिरका पडून रुततो, हेही नंतर कळलं. तिसरी गोष्ट, लाइफ जॅकेट दोन आणि आम्ही पाच. होडीच मुळात दोन-तीन माणसांची. त्या दोनपैकी एका जॅकेटवर आमचा एक मित्र सकाळपासून उशी करून बसला होता.

चौथी गोष्ट फोन. दोघांना रेंज नव्हती. एकाची बॅटरी व्हिडिओ काढून काढून संपत आलेली. चौथ्याला रेंज होती, पण फोन कुणाला करायचा? चुलते लग्नाच्या मांडवात, त्यांचा फोन लागेना. आमच्या पाच फोनमध्ये मिळून हजारभर नंबर असतील. त्यात अशा वेळी उपयोगाचा एकही नव्हता. ११२ आठवायलासुद्धा कुणाचं डोकं ताळ्यावर नव्हतं.

दोन्ही काठ दिसत होते, म्हणून हसत होतो. मग खाडी रुंद व्हायला लागली आणि हसणं थांबलं. आमच्यातल्या दोघांना पोहता येत नाही, ही माहिती आम्हाला चार वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदा तिथं मिळाली.

शेवटी शर्ट काढून हलवले. उतरत्या पाण्यासोबत एक होडी आपल्या जाळ्याकडं निघाली होती. होडीवाल्या काकांनी आम्हाला पाहिलं, होडी वळवली, दोर टाकला आणि उतरत्या पाण्याच्या उलट दिशेनं आम्हाला ओढत काठाला आणलं. अकरा वाजले होते. त्यांनी एकदाही झापलं नाही. फक्त दोर सोडवताना म्हणाले, 'तुमचा संडे गेला रं पोरांनो. माझं पाणी गेलं.'

पाणी गेलं म्हणजे काय, तेही समजून घ्या. खाडीतला माणूस घड्याळावर कामाला जात नाही, पाण्यावर जातो. पाण्याची ती वेळ टळली की त्या दिवसाची कमाई टळली. आमची ट्रिप बुडाली, त्यांचा रोज बुडाला. आम्ही पेट्रोलचे पैसे पुढं केले, ते त्यांनी घेतले. पण गेलेल्या पाण्याचे पैसे कसे मोजायचे, ते आम्हालाही कळेना आणि त्यांनीही मागितले नाहीत.

चुलत्यांचं इंजिन आठ दिवस खोललेलं पडून होतं. दुरुस्तीचा खर्च आम्ही पाच जणांत वाटून दिला. तो इम्पेलर वेळेवर बदलला असता, तर आमच्या एका पिझ्झा पार्टीच्या पैशांत काम झालं असतं.

बिघाड सांगून येतो

आता माझं म्हणणं. आपल्याकडं यंत्र बंद पडलं की आपण म्हणतो, 'नशीब खराब.' मला हे पटेनासं झालंय. बहुतेक बिघाड अचानक येत नाहीत. ते आधी आवाज करतात, वास सोडतात, धार बारीक करतात. आपण ऐकत नाही आणि वर त्या न ऐकण्याला 'जुगाड' असं गोंडस नाव देतो.

जुगाडाचं आपल्याला भारी कौतुक! तारेनं बांधलं, फेव्हिक्विक लावलं, चाललं. अडचणीत असताना जुगाड हवाच, त्याला माझा विरोध नाही. पण जुगाड हा घरी पोचेपर्यंतचा उपाय आहे, घरी पोचल्यावर दुरुस्ती करायची असते. आपण घरी पोचतो आणि विसरतो.

कुणी म्हणेल, 'गरीब मच्छीमाराला हे परवडतं का?' मला उलटं दिसलं. ज्याचं पोट इंजिनावर आहे, तो इंजिनाला जपतो. खाऱ्या पाण्यातून आलेलं इंजिन गोड्या पाण्यानं धुतो. उन्हाळ्यात घरात पाणी हंड्यानं मोजून वापरत असला तरी धुतो. चुलत्यांना धार बारीक झाल्याचं पहिल्या दिवशीच कळलं होतं. इम्पेलर बदलायचा हेही ठरलं होतं आणि तोवर लांब जायचं नाही हेही. निष्काळजी आम्ही होतो, ज्यांच्यासाठी ती होडी म्हणजे एक दिवसाची मजा होती. मागून आणलेल्या वस्तूचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, हेच खरं.

आणि हे फक्त गावातल्या छोट्या होडीचं नाही. १८ ऑगस्ट २०२२ आठवतोय? हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली, आत तीन एके-४७ सापडल्या आणि रायगडात हाय अलर्ट झाला. नाक्यानाक्यावर नाकाबंदी, टीव्हीवर दिवसभर तेच. मग विधानसभेत खुलासा झाला. बोटीचं नाव 'लेडी हान', मालकी एका ऑस्ट्रेलियन महिलेची. मस्कतहून युरोपकडं जाताना २६ जूनला तिचं इंजिन बंद पडलं होतं. आतल्या लोकांनी मदत मागितली, कोरियाच्या युद्धनौकेनं त्यांना वाचवलं, पण समुद्र खवळलेला असल्यानं बोट ओढून नेता आली नाही. ती त्रेपन्न दिवस वाहत वाहत आपल्या दारात आली. एवढी महागडी बोट, पण इंजिन बंद पडल्यावर तीसुद्धा पाण्यावरचं एक ओंडकंच. फरक एकच. तिच्यावरच्या माणसांना मदत कशी मागायची ते माहीत होतं, म्हणून बोट गेली आणि माणसं राहिली.

१८ डिसेंबर २०२४ ची घटना याहून वाईट. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. त्या स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला. पंधरा माणसं गेली. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. विचार करा, जॅकेट त्याआधीही होतीच की! घालायला लागत नव्हती इतकंच. जॅकेट घातल्यावर फोटो चांगला येत नाही, हे कारण मीही दिलेलं आहे.

हे काम कोण करणार?

आणखी एक गोष्ट मला खटकते. आपल्याला नवी वस्तू घेणाऱ्याचं कौतुक आहे, जुनी चालू ठेवणाऱ्याचं नाही. अनबॉक्सिंगचे व्हिडिओ आपण लाखांनी बघतो. इम्पेलर कसा बदलायचा, हे कोण बघतं? म्हसळा, श्रीवर्धन, तळा या भागातली कितीतरी पोरं मुंबईला जातात, आखातात जातात, जहाजावर जातात. तिथं जाऊन मोठमोठी इंजिनं सांभाळतात. आणि गावातल्या होडीचं इंजिन बिघडलं की मेकॅनिकची वाट बघत आठ दिवस जातात.

राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग वर्सोवा, रत्नागिरी अशा ठिकाणच्या प्रशिक्षण केंद्रांत सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम चालवतो. सागरी मत्स्यव्यवसाय, नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाची देखभाल व परिचालन असं त्याचं लांबलचक नाव. त्यासाठी पोहता येणं ही अट असते. किनाऱ्यावरच्या कितीशा कॉलेजांत या कोर्सची माहिती फळ्यावर लागत असेल? गावात राहून करता येईल असं हे काम आहे आणि त्याची गरज रोज पडते. फक्त त्याला ग्लॅमर नाही. ते ग्लॅमर आपण द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न.

तंत्रज्ञान मदतीला येतंय, नाही असं नाही. इस्रोनं बोटींसाठी उपग्रहावरून संकटाचा संदेश पाठवणारी यंत्रं तयार केली आहेत. मच्छीमार बोटींवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ ला आपल्याच पालघरमधून झाली. उत्तमच! पण ट्रान्सपाँडर 'मी इथं अडकलोय' हे सांगेल. इंजिनाची धार बारीक झाली आहे, हे बघायला मान आपल्यालाच वळवावी लागेल.

निघण्याआधी एवढं बघा

थंडीत, सुट्टीत तुम्हीही किनाऱ्यावर जाणार. जरूर जा. आमच्या चुकांतून तयार झालेली ही यादी मात्र सोबत घ्या.

- माणसं जितकी तितकी लाइफ जॅकेट, आणि ती अंगावर. बुडाखाली नाहीत.
- होडी किती माणसांची आहे ते मालकाला विचारा आणि त्याचं ऐका. त्यानं 'लांब नको' म्हटलं तर लांब नको.
- दोन वल्ही, पुरेशी दोरी असलेला नांगर, शिटी आणि टॉर्च. इंजिन असलं तरीही.
- भरती-ओहोटीची वेळ. गणित आता तुम्हाला येतं. तरी गावातल्या माणसाला विचारा.
- फोनमध्ये १५५४ सेव्ह करा. हा तटरक्षक दलाचा समुद्रातल्या शोध-बचावाचा टोल-फ्री नंबर. ११२ आहेच. फोन प्लॅस्टिकच्या बंद पाऊचमध्ये ठेवा आणि बॅटरी रील्सवर उडवू नका.
- काठावरच्या एका माणसाला सांगून जा. कुठं जातोय, किती वाजता येणार, आणि आलो नाही तर काय करायचं.
- १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ती माशांच्या विणीसाठी असते, तशीच पावसाळी समुद्रात तुमचा जीव वाचावा म्हणूनही असते. त्या दिवसांत 'काही होत नाही रे' म्हणणारा मित्र भेटला, तर त्याच्यासोबत फक्त भजी खा.
- आणि पिशवी परत घरी आणा.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी तिघंच. निघायच्या आदल्या संध्याकाळी चुलत्यांच्या अंगणात बसून नवा इम्पेलर बसवताना पाहिला, दोन स्क्रू मीही पिळले. त्या काकांसाठी एक नवा दोर नेला होता. 'आता मलाच कुणी ओढायला पाहिजे,' म्हणत त्यांनी तो ठेवून घेतला. जिताडा काही लागला नाही. एक शिंगटी लागली, तीही हातभर नव्हती. पण अख्खी सकाळ आमच्यातला एक जण पाळीपाळीनं मागं तोंड करून बसला होता. जाडजूड, सरळ, सतत पडणारी पाण्याची धार बघत. त्या दिवसाचा माझ्याकडं असलेला एकमेव फोटो त्या धारेचाच आहे.

आता हा लेख बाजूला ठेवा आणि त्या बाइकच्या चेनकडं एकदा बघा. आजच.